जळगावातून बोराकाय : सहल नेटकी, हॉटेलची जागा सखल

जळगावातील एका सहल-कंपनीतर्फे आम्ही काही कुटुंबे पावसाळ्याच्या उत्तरार्धात फिलिपिन्समधील बोराकाय बेटावर जाऊन आलो. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या माणसांविषयी नाही. ती तिने निवडलेल्या हॉटेलच्या जागेविषयी आहे, आणि तशा जागा निवडणारी ती एकटीच नसावी.

माणसांविषयी आधी सांगतो, कारण तेथे हात आखडता घेण्याचे कारण नाही. टूर मॅनेजर शांत स्वभावाचा आणि वेळेचा पक्का होता. सोबतच्या आचाऱ्याने परक्या स्वयंपाकघरात शेवभाजी, भरीत आणि एका संध्याकाळी चक्क वरण-बट्टी करून वाढली, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे पातेले त्याने अखेरपर्यंत वेगळे ठेवले. दरही वाजवी होता. मात्र तो वाजवी का होता, हे बेटावर पोहोचल्यावर कळले.

बोराकायला विमान उतरत नाही. पानाय या मोठ्या बेटावरील कातिक्लान येथून होडीने पलीकडे जावे लागते. जून ते ऑक्टोबर हा तेथील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा, म्हणजे ‘हाबागात’चा काळ असतो. या वाऱ्याने समुद्र खवळला की नेहमीचा कागबान धक्का सोडून होड्या तांबिसानच्या बाजूला लावतात. आमचीही तेथेच लागली, आणि सामान व वृद्ध मंडळी यांना घेऊन ती चढउतार करणे त्रासाचे झाले. जगप्रसिद्ध ‘व्हाइट बीच’ पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे या महिन्यांत नेमक्या त्याच किनाऱ्यावर लाटा आदळतात. सवलतीच्या दराचे मूळ येथे आहे. माहितीपत्रकात ‘विशेष सवलत’ एवढेच छापलेले होते, ऋतूविषयी एक ओळही नव्हती.

त्याच पत्रकात हॉटेलविषयी ‘मुख्य बाजारपेठेत, किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर’ असे लिहिले होते. हे अक्षरशः खरे निघाले आणि तेच नडले. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस किलोमीटर आहे. जळगाव महापालिकेच्या हद्दीत अशी सहा बेटे सहज मावतील. उत्तरेचा यापाक आणि दक्षिणेचा मानोक-मानोक हे भाग उंचसखल, टेकड्यांचे आहेत. मधला बालाबाग हा भाग मात्र अरुंद आणि सखल असून, पश्चिमेचा व्हाइट बीच आणि पूर्वेचा बुलाबोग किनारा यांच्यामध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले भिंतीला भिंत लावून उभी आहेत. आमचे हॉटेल याच पट्ट्यात, आतल्या रस्त्यावर होते.

एका दुपारी जोराचा पाऊस झाला. तो असामान्य होता असे तेथील कोणी म्हटले नाही. तेवढ्यात हॉटेलसमोरच्या रस्त्यावर पाणी चढले, विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या थांबल्या, चेंबरच्या झाकणांतून काळसर पाणी वर येऊ लागले आणि ते स्वागतकक्षाच्या पायऱ्या ओलांडून तळमजल्याच्या खोल्यांत शिरले. आमच्यातील दोन कुटुंबांच्या खोल्या तळमजल्यावर होत्या. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी वाळूच्या पिशव्या आणि पंप ज्या सफाईने बाहेर काढले, त्यावरून हे काम त्यांच्या अंगवळणी पडलेले असावे असे दिसले. खोल्या बदलून मिळाल्या, पण रात्री उशिरा. वास मात्र आम्ही निघेपर्यंत गेला नाही.

रावेरकडचे एक आप्पा पाण्यात उभे राहून म्हणाले, “नदी नाही, धरण नाही, मग हा पूर आला कुठून?” प्रश्न अगदी खानदेशी होता. आपल्याकडे पूर म्हणजे तापी, वाघूर किंवा गिरणा वरून भरून येणे, अथवा हतनूरचे दरवाजे उघडल्याचा इशारा मिळणे. बोराकायवर नाव घेण्यासारखी नदी नाही. पिण्याचे पाणीदेखील पलीकडच्या पानाय बेटावरील नाबाओय नदीतून समुद्राखालच्या नळाने येते. तेथील पूर म्हणजे त्या दहा चौरस किलोमीटरवरच पडलेला पाऊस, ज्याला मुरायला माती उरलेली नाही आणि साठायला खळगा उरलेला नाही. त्यातच भरती असली की समुद्राकडे जाणाऱ्या गटारांची तोंडे दाबली जातात आणि पाणी आल्या वाटेने परत फिरते.

खळगे पूर्वी होते. फिलिपिन्सच्या पर्यावरण खात्याने या बेटावर नऊ पाणथळ जागा नोंदवल्या होत्या, आणि २०१८ मध्ये त्यांपैकी पाचांवर बांधकामे व वस्ती झाल्याचे त्याच खात्याने जाहीर केले. अतिक्रमण करणाऱ्यांत झोपड्या होत्या, तसेच हॉटेल आणि व्यापारी संकुलही होते. २०१७ मध्ये या एवढ्याशा जागेत वीस लाखांहून अधिक पर्यटक येऊन गेले. सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था त्या मानाने तोकडी, काही आस्थापनांच्या वाहिन्या थेट समुद्रात सोडलेल्या, आणि पावसाचे व मैल्याचे पाणी एकाच गटारात. अखेर राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी बेटाची तुलना मैल्याच्या खड्ड्याशी केली, आणि २६ एप्रिल २०१८ पासून २६ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिने, बोराकाय पर्यटकांसाठी बंद ठेवण्यात आले. हजारोंची रोजंदारी त्यामुळे बुडाली, हेही विसरता येत नाही.

बंदीनंतर काहीच सुधारले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. किनाऱ्यालगतची ३० मीटरची पट्टी मोकळी करण्याचा नियम कडकपणे राबवला गेला, रस्ते रुंद झाले, किनाऱ्यावर मद्यपान आणि धूम्रपान बंद झाले. एका वेळी बेटावर १९,२१५ आणि दिवसाला नव्याने ६,४०५ पर्यटक, अशी मर्यादा ठरवण्यात आली. मान्यताप्राप्त हॉटेलची नोंदणी असल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, म्हणून धक्क्यावर कागद तपासण्याची पद्धत सुरू झाली. व्हाइट बीचची वाळू आम्हाला खरोखर स्वच्छ दिसली. परंतु पर्यटकाला दिसतो तो किनारा मोकळा करणे एक, आणि बाजारपेठेखाली गाडलेली पाणथळ जमीन परत मिळवणे दुसरे. पहिले काम झाल्याचे दिसते, दुसरे फार थोड्या ठिकाणी झालेले दिसते. मेहरूण तलावाच्या परिसरात फिरायला जाणाऱ्या जळगावकरांना यातील गोम वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता सहल-कंपनीचा भाग. हॉटेलला मान्यता आहे एवढे तिने पाहिले होते, आणि कागदोपत्री तिची चूक काढता येणार नाही. पण जी कंपनी प्रवाशाच्या पथ्याचे पातेले वेगळे ठेवते, तिला हॉटेल बेटाच्या कोणत्या भागात आहे, तळमजला रस्त्यापेक्षा किती उंच आहे आणि पावसात तेथे पाणी साचते का, हे तीन प्रश्न आधी विचारणे जड नव्हते. टूर मॅनेजरने खासगीत सांगितले की ग्राहक ‘किनाऱ्याजवळ आणि बाजारात’ एवढेच मागतात, टेकडीकडची हॉटेले दाखवली तर ‘लांब आहे’ म्हणून नाकारतात. हे खरे असेल, आमच्यातीलही बहुतेकांनी तेच मागितले होते. तरीही माहिती असूनही न सांगणे आणि निवड ग्राहकाची होती असे नंतर म्हणणे, हा व्यवहार मला पटला नाही. परतल्यावर लेखी तक्रार केली, तेव्हा भिजलेल्या दोन कुटुंबांना काही रक्कम परत मिळाली. माहितीपत्रक मात्र बदललेले नाही.

जेवण, सोबत आणि शिस्त यांसाठी ही कंपनी मी निःसंकोच सुचवीन. बोराकायसाठी मात्र नोव्हेंबर ते मे हा ईशान्य वाऱ्याचा, तेथे ‘आमिहान’ म्हणतात तो काळ निवडावा आणि थोडे जास्त पैसे मोजावेत. त्यांच्या नव्या पत्रकात पावसाळी सवलत आणि हॉटेल दोन्ही पूर्वीचेच छापलेले असल्याने, त्या तारखांना जाणाऱ्यांनी निदान वरच्या मजल्यावरील खोली नोंदणीच्या पावतीवरच लिहून घ्यावी.