लुआंग्वात पायी सफारी: गुडघे शाबूत असतील तरच

आधीच सांगते, जनावरं मोजायला जाणाऱ्यांनी या सफारीवर पैसे घालवू नयेत. आम्ही नागपूरचे. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर इतक्या पहाटे काढल्यात की तिथला चहावाला न विचारता बिनसाखरेचा कप पुढे करतो. जिप्सीत बसायचं, पुढच्या गाडीतल्यानं बोट दाखवलं की तिकडे धूम ठोकायची, हीच आमची जंगलाची सवय. यंदा सप्टेंबरात, ह्यांच्या निवृत्तीचं निमित्त करून, झांबियातल्या साउथ लुआंग्वा नॅशनल पार्कात सहा रात्री राहिलो. त्यातल्या चार अगदी आतल्या कॅम्पात. तिथून रोज सकाळी चालतच निघायचं.

मुंबई ते अदिस अबाबा ते लुसाका इथपर्यंत सगळं सुरळीत. लुसाकाहून पार्काजवळच्या म्फुवेला जाणाऱ्या छोट्या विमानाच्या काउंटरवर घोळ झाला. माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेतच. आमच्या मुंबईच्या एजंटनं दोन पानं भरून सूचना पाठवल्या होत्या, त्यात ही एक ओळ नव्हती. मग काय, भर विमानतळावर फतकल मारून कडक ट्रॉली बॅग उघडली आणि कपडे, गोळ्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी असं सगळं दोन कापडी पिशव्यांत कोंबलं. बॅग लुसाकात ठेवायचे पैसे वेगळे.

कॅम्प म्हणजे गवताच्या आणि बांबूच्या चार झोपड्या. पावसाळ्यात नदी सगळं खोरं बुडवते, म्हणून दरवर्षी जूनच्या सुमारास हे उभारतात आणि नोव्हेंबरच्या आत मोडून नेतात. मागच्या बाजूला आडोसा, वर आभाळ, झाडाला टांगलेल्या बादलीतून आंघोळ. पाणी गरम हवं असेल तर अर्धा तास आधी सांगायचं. मला यात काहीच खटकलं नाही, माझं बालपण आर्वीजवळच्या खेड्यात गेलंय. ह्यांनी मात्र पहिल्या दिवशी आभाळाकडे बघत दोनदा विचारलं, "वरून कोणी येत नाही ना?"

चालण्याची शिस्त कडक. सगळ्यांत पुढे वन्यजीव खात्याचा बंदूकधारी शिपाई, मग गाईड, मग आम्ही सहा पाहुणे एका ओळीत, आणि शेवटी किटली घेतलेला चहावाला. बोलायचं नाही. चुटकी वाजली की जागच्या जागी थांबायचं. साडेसहाला निघून दहाच्या आत परत, कारण त्यानंतर ऊन भाजून काढतं. ऑक्टोबरात तर विचारूच नका म्हणाले.

आता खरं काय पाहिलं ते. पहिल्या तासात एकही मोठं जनावर नाही! गाईड एका पायवाटेवर उकिडवा बसला. वाटेत दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा, थेट बैलगाडीच्या रस्त्यासारखा. म्हटलं, इथे गाडी कुठली? तर ती पाणघोड्याची वाट. त्याचे डावे-उजवे पाय इतके लांब लांब पडतात की मधली माती तशीच राहते. रोज रात्री तो त्याच वाटेनं चरायला जातो. पुढे तरसाची पांढरीफटक विष्ठा, हाडं खाऊन चुन्यासारखी झालेली. एका झाडाला दुधीभोपळ्याएवढी फळं सुतळीला टांगल्यासारखी लोंबत होती आणि खाली रात्री गळलेली गर्द लाल फुलं पुकू नावाची हरणं वेचून खात होती. मऊ मातीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे दिसले. लहानपणी आम्ही वाड्याच्या ओसरीखाली काडी घालून त्यातला किडा चिडवायचो. इथेही गाईडनं काडीच घातली! मी न राहवून हसले, तर शिपायानं मागे वळून डोळे वटारले.

तिसऱ्या दिवशी हत्ती. गाईडकडे राखेची पुरचुंडी असते, ती दर थोड्या वेळानं झटकून वारा बघतो. राख आमच्याकडून हत्तिणीकडे जायला लागली, म्हणजे आमचा वासही तिकडेच, आणि त्याचा चेहराच बदलला. हत्तीण चाळीसेक पावलांवर, सोबत पिल्लू. आम्ही मोठ्या वारुळाच्या आड. तिनं सोंड वर केली, कान पसरले आणि तशीच उभी राहिली. पाच मिनिटं असतील, मला तासभर वाटली. ह्यांचा हात माझ्या दंडावर होता, त्याचे वळ संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. फोटो एकाचाही नाही. मग ती पिल्लाला ढुशी देत निघून गेली आणि चहावाल्यानं दहा पावलं मागे नेऊन तिथेच किटली उघडली.

रात्रीच्या जीप फेरीत सर्चलाइटमध्ये बिबट्या दिसला, छान दिसला, त्याबद्दल एवढंच. त्याहून मला नदीची दरड आठवते. शेकडो बिळं, आणि त्यांतून आत-बाहेर करणारे किरमिजी रंगाचे राघू. आपला वेडा राघू डोळ्यांपुढे आणा आणि त्याला पैठणी नेसवा. हे सप्टेंबर-ऑक्टोबरातच दिसतात. या खोऱ्यातले जिराफही जगात दुसरीकडे नाहीत. गेंडा मात्र इथे शोधू नका. शिकारीनं संपवला, आणि 2003 पासून परत आणलेले आहेत ते नॉर्थ लुआंग्वा या वेगळ्या पार्कात.

आता तक्रारी. शाकाहारी म्हणून आधी तीनदा कळवलं होतं. पहिल्या दोन रात्री उकडलेला पास्ता आणि वर चीज. तिसऱ्या दिवशी मी सरळ स्वयंपाक्याला विचारलं, तुम्ही काय खाता? तो संकोचला, मग घेऊन आला: न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट पांढरी उकड, आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली भोपळ्याची पानं. माझी चटणी मी पुढे केली. उरलेले दिवस आमचं ताट वेगळंच लागलं. "झिकोमो" म्हणजे धन्यवाद, हा शब्द तेव्हा शिकले.

दुसरी चूक आमची. ह्यांनी गडद निळा शर्ट घातला. त्सेत्से माशीला निळा-काळा रंग आवडतो, आणि ती कापडावरून चावते. खाकी घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घरूनच सुरू करा. अंधार पडल्यावर एकट्यानं झोपडीबाहेर पाऊल टाकायला मनाई आहे, ती पाळा. रात्रभर पाणघोडे दाराशी चरतात आणि पानठेल्यावरच्या म्हाताऱ्यांसारखे खो-खो हसतात. पहिल्या रात्री झोप नाही, दुसऱ्या रात्रीपासून त्यांच्याशिवाय झोप नाही.

खर्च? दोघांचं मिळून एक बऱ्यापैकी मोटारगाडी आली असती. एजंटला पाचपैकी दोन, तेही तिकिटं वेळेवर दिली म्हणून. गाईड, शिपाई आणि किटलीवाल्याला पाच. ह्यांच्या गुडघ्यानं चौथ्या दिवशी संप केला, तेव्हा तो किटलीवालाच त्यांच्यासोबत हळूहळू कॅम्पवर परतला, आणि वाटेत दोघांनी थांबून सगळा चहा संपवला. आम्ही पाचजण पुढे कोरडेच चालत राहिलो.