फायनान्शियल कोच: दोघांचा अनुभव घेतल्यावर लिहितोय

माझे दोन फायनान्शियल कोच झाले, म्हणजे पैशांच्या सवयी सुधारायला फी घेऊन मदत करणारे. पहिल्याकडे तीन महिने वाया गेले, दुसऱ्या मॅडमकडे आठ महिने झाले आणि अजून चालू आहे.

पहिला माणूस बोलायला एकदम छान, पण दुसऱ्याच मीटिंगला इन्शुरन्स आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी समोर ठेवली, आणि तोवर माझ्या डोक्यावर कर्ज किती आहे हे एकदाही विचारलं नव्हतं! नंतर कळलं, पॉलिसी विकली की त्याला कमिशन मिळतं, फी कमी होती ती त्यामुळेच. आणि हे लक्षात ठेवा, स्वतःला कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी लायसन्स लागत नाही, कोणीही म्हणवून घेतं. त्यामुळे पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, तुम्हाला पैसे कोण देतं, फक्त मी की अजून कोणी? उत्तर गोलगोल आलं तर उठायचं.

मॅडमनी हे न विचारताच सांगितलं, फक्त फी, कमिशन नाही, आणि लेखी दिलं. मग तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट काढायला लावली, एकेक खर्च मी मोठ्याने वाचायचा आणि त्या नुसतं ऐकायच्या. तिथेच माझं मला दिसायला लागलं. कार्डाचं व्याज तर मी कधी नीट बघितलंच नव्हतं, त्यांनी 72 ला व्याजदराने भागायला लावलं, म्हणजे न फेडलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं, 24 टक्के असेल तर साधारण 3 वर्षांत. मी हादरलो.

तीन कार्डांचं कर्ज होतं. जास्त व्याजाचं आधी फेडलं की एकूण व्याज कमी जातं, छोटं आधी संपवलं की हुरूप येतो, दोन्ही समजावून म्हणाल्या, तुमच्याने कुठलं निभेल? मी छोटं म्हणालो, त्यांनी माझं ऐकलं. मला हे सगळ्यात आवडलं.

एक गोष्ट सुरुवातीला खटकली, कुठल्या फंडात पैसे टाकू ते त्या सांगतच नाहीत. म्हणाल्या ते नोंदणी असलेल्या ॲडवायझरचं काम, माझं काम तुमच्या सवयी. आता पटतंय. पण ॲडवायझरकडे जायच्या आधी एक हिशोब करून घेतला: 100 रुपयांवर 30 वर्षं दरवर्षी 7 टक्के मिळाले तर साधारण 761 होतात, त्या 7 मधला 1 टक्का दरवर्षी फीत गेला, म्हणजे 6 च उरले, तर 574 च. एका टक्क्याने एवढा फरक पडतो हे मला खरंच माहीत नव्हतं.

तक्रार म्हणाल तर कॉलची वेळ दोनदा ऐनवेळी बदलली, आणि मेसेजला उत्तर यायला दोन दिवस लागतात. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कधीच मागितला नाही, कोणी मागितला तर तिथेच थांबा.

गेल्या महिन्यात तिसरं कार्ड फिटलं. आता दर आठवड्याला नको, महिन्यातून एकदाच बोलू, असं मॅडमनी स्वतःच सुचवलं, म्हणजे त्यांची फी कमी झाली तरी.