आईच्या गुडघ्यांनी निवडलेली नेक्सॉन

२०२५ च्या दिवाळीआधी दीड महिना आमच्या घरात गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, शाळा कसबा बावड्यात. रोजचं जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर. वर्षातून आठ-दहा वेळा देवगड तालुक्यात, आईच्या माहेरी. गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी आणि शेवटी सड्यावरचा जांभ्याचा कच्चा रस्ता. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली माझी आई.

जुन्या हॅचबॅकची सीट खाली होती. आईला बसवताना एकाने पाठ धरायची, उतरवताना दोघांनी हात द्यायचे. पुढे पुढे ती गावाला यायलाच नको म्हणू लागली. माहेरचं नाव काढलं की डोळे भरणारी बाई गाडीच्या सीटपायी घरी थांबते, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून प्रत्येक शोरूममध्ये मी एकच गोष्ट आधी सांगायचे: आई तीनदा बसेल, तीनदा उतरेल, बाकीचं नंतर.

यातून फार लवकर निवाडा झाला. शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बांधलेल्या मोठ्या एसयूव्ही दिसायला दणकट, खडतर रस्त्याला उत्तम, पण त्यांत चढावं लागतं. एका गुडघ्यावर सगळं वजन घेऊन वर जाणं आईला जमलं नाही. ज्यांची बॉडी आणि चौकट एकसंध असते त्या क्रॉसओव्हर तिला सोप्या गेल्या. आधी सीटवर टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. क्रेटा तिला आवडली, मागची जागाही ऐसपैस. पण ती ४३३० मिलिमीटर लांब, आणि आमच्या बोळातल्या शेडमध्ये चार मीटरच्या वर गेलं की दार लागत नाही. मोजपट्टी घेऊन मी स्वतः मोजलं.

मग उरल्या चार मीटरच्या आतल्या. इथे कराचं गणित नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या लांबीच्या गाडीला, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. यातली एकही मर्यादा ओलांडली की थेट ४० टक्के. ब्रेझा ३९९५ मिलिमीटरच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती वरच्या टप्प्यात जाते. तिचं चार सिलिंडरचं इंजिन शांत आहे आणि आई तिच्यातही सहज बसली, त्यामुळे दोन दिवस माझं मन तिकडेच होतं.

नवऱ्याचा आग्रह डिझेलचा. चार मीटरच्या आतल्याच टाटाच्या नेक्सॉनच्या डिझेलला २६० न्यूटन-मीटरचा ओढा, घाटासाठी सोनंच. मी महिनाभर वहीत रोजचे किलोमीटर लिहिले होते, ती वही त्याच्यासमोर ठेवली. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी तापून सलग पळावी लागते. सकाळी पाच किलोमीटर आणि दुपारी पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत, अशा वापरात तो फिल्टर तुंबतो. घाट वर्षाचे वीसेक दिवस, कसबा बावडा रोजचा. त्याला पटलं.

घेतली ती नेक्सॉन, ११९९ सीसी टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. सुरक्षेचं वजन मोठं होतं. ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत २०१८ साली पाच तारे मिळवणारी ही पहिली भारतीय बनावटीची गाडी, आणि आताच्या नेक्सॉनलाही भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीचे पाच तारे आहेत. लेक मागे बसते, तेव्हा मला हे टचस्क्रीनच्या आकारापेक्षा मोलाचं वाटतं.

एका शोरूमबद्दल सांगायलाच हवं, नाव घेत नाही. चालवणार मी, पैसे माझ्या पगारातून जाणार, आणि माणूस इंजिनबद्दल बोलायचा नवऱ्याशी, मला मात्र सीटकव्हरचे रंग दाखवायचा. वर विमा त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल असं ठासून सांगितलं. तसं बंधन नसतं. आम्ही तिथून उठलो.

आता साडेचार हजार किलोमीटर झालेत. माझी उंची पाच फूट एक इंच. सीट वर घेतली की बॉनेटची कड दिसते, बोळात गाडी वळवताना त्याचा फार आधार वाटतो. शहरात लिटरला बारा, देवगडच्या वाटेवर पंधरा-सोळा मिळतात. २०८ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, आणि जाड बाजूचे २१५/६० मापाचे १६ इंची टायर, त्यामुळे सड्यावर खडक लागेल ही धास्ती गेली. टायरची बाजू जाड असली की जांभ्याचे दणके पाठीपर्यंत येत नाहीत. टायर बदलून मोठी चाकं घालणाऱ्यांनी एकदा अशा रस्त्यावर जाऊन बघावं.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. देवगडहून येताना पाच डझनी तीन पेट्या, दोन बॅगा आणि आईचा वॉकर, सगळं ३८२ लिटरच्या डिकीत बसलं. वैभववाडी सोडल्यावर चढ लागतो. टर्बो गाडीत इंजिनचे फेरे पडू द्यायचे नाहीत, वळणाच्या आधीच दुसरा गिअर घ्यायचा. तसं केलं की भरल्या गाडीनेही घाट एका दमात चढतो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर फणसाच्या गऱ्यांची पिशवी. "हेच्यात बसूक बरा वाटता गो," म्हणाली, आणि गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा मी दार उघडायच्या आत स्वतः उतरली.

मागे तीन मोठी माणसं मात्र या आकाराच्या कुठल्याच गाडीत दाटीनेच बसतात. गणपतीला मावशीही आमच्याबरोबर येणार आहे. त्या फेरीला मागे मधल्या जागेवर लेक बसेल, आणि मोदकांची भांडी डिकीत जातील.