गेमिंग हँडहेल्डलाच फोन बनवून वापरतेय, बरेच महिने झाले : सविस्तर अनुभव

हँडहेल्ड कन्सोलवरून फोन लावायला फार काही लागत नाही, एका संध्याकाळी जमून जातं. पण आपल्याला आलेला फोन त्यावर न चुकता वाजला पाहिजे ना, खरी मेहनत तिथे आहे, आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेलाय, म्हणून हे सगळं लिहिणं बरंचसं त्याबद्दलच आहे.

माझा कन्सोल अँड्रॉइडवर चालणारा. दोन अॅनालॉग स्टिक, खांद्यावरची चार बटणं, आत पंखा, चांगली मोठी बॅटरी. सिमची जागा नाही, म्हणजे आत मोबाइल नेटवर्कचं मोडेमच नाही, त्यामुळे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख नंबर, पण नाही. सेटिंगमध्ये कितीही उलथापालथ करा, सिमवरचा साधा कॉल त्यातून जाणार नाही, हे आधीच डोक्यात पक्कं करून घ्या. एखादं डायलर अॅप टाकलं की झाला फोन असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. जे काही होतं ते इंटरनेटवरून होतं.

आता हे कशाला करायचं? मला दोन स्क्रीन सांभाळायच्या नव्हत्या एवढंच. कन्सोल बॅगेत असतोच, त्याची स्क्रीन चांगली आहे, स्पीकर दमदार आहेत, मग मेसेज, कॉल, नकाशे सगळं तिथेच का नको?

सेटअप असा आहे. सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवलंय. इंटरनेटसाठी खिशात मावणारा हॉटस्पॉट राउटर, त्यात वेगळं डेटा सिम. कन्सोलवर लिनफोन हे इंटरनेटवरून कॉल करायचं अॅप टाकलंय आणि एक सिप नंबर घेतलाय, सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत. बटणांच्या फोनवर आलेला कॉल उचलला नाही तर त्या सिप नंबरकडे फॉरवर्ड होतो. फॉरवर्डिंगमध्ये 'उत्तर न मिळाल्यास' हा पर्याय घ्यायचा आणि वेळ कमीत कमी म्हणजे ५ सेकंद ठेवायची, ५ ते ३० सेकंदांपर्यंत ती बदलता येते. 'सगळे कॉल फॉरवर्ड' वाला पर्याय सोपा दिसतो पण तो घेऊ नका, कारण मग कन्सोल झोपलेला असेल तर कॉल आला होता हे तुम्हाला कुठेच दिसत नाही. उत्तर न मिळाल्यास फॉरवर्ड ठेवलं की निदान बटणांच्या फोनवर मिस्ड कॉल तरी पडून राहतो. फॉरवर्ड झालेल्या भागाचे पैसे काही कंपन्या वेगळे लावतात, ते आधी विचारून घ्या. व्हॉट्सअॅप सरळ कन्सोलवरच रजिस्टर केलं, ओटीपी बटणांच्या फोनवर आला तो इकडे टाइप केला, झालं. ज्यांना मुख्य फोन सोडायचा नाही त्यांनी जोडलेलं डिव्हाइस म्हणून टाकावं, २०२३ पासून एका खात्याला दुसरे फोनसुद्धा जोडता येतात, फक्त मुख्य फोन १४ दिवस उघडला नाही की जोडलेली सगळी डिव्हाइस बाहेर फेकली जातात.

आता येणाऱ्या कॉलची गोष्ट. सिपचं अॅप सर्व्हरला अधूनमधून कळवत असतं की मी इथे आहे, या पत्त्यावर आहे. ते कळवणं थांबलं की सर्व्हरच्या लेखी तुम्ही गायब. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० पासून डोझ नावाची सोय आहे, स्क्रीन बंद करून यंत्र बाजूला पडून राहिलं की मागे चालणाऱ्या अॅपचं नेटवर्क बंद होतं आणि मधूनमधूनच थोडा वेळ उघडतं. बॅटरीसाठी उत्तम, फोन म्हणून वापरायला घातक. त्यात राउटरचा आपला वेगळा हिशोब, यूडीपी (पक्की जोडणी न ठेवता डेटा पाठवायची पद्धत) वरचा मार्ग काही वेळ शांत राहिला की राउटर तो बंद करून टाकतो, काही राउटर तर अर्ध्या मिनिटात. म्हणजे समोरचा कॉल करतोय, त्याला 'संपर्क होऊ शकत नाही' ऐकू येतंय, आणि कन्सोल माझ्यासमोर टेबलावर पूर्ण चार्ज होऊन पडलेला आहे. हे इतक्या वेळा झालं की घरच्यांनी बटणांच्या फोनवरच मेसेज टाकायला सुरुवात केली होती.

यावर जे लागू पडलं ते सांगते. अॅपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचं. झोपेतसुद्धा वायफाय चालू राहील असं ठेवायचं. सिपची जोडणी यूडीपीवरून काढून टीएलएसवर, म्हणजे पक्की आणि सुरक्षित जोडणी ठेवणाऱ्या पद्धतीवर न्यायची, कारण तो मार्ग राउटर बराच जास्त वेळ उघडा ठेवतो आणि अॅपला सारखं सारखं ठोठावत बसावं लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुश नोटिफिकेशन देणारी सिप सेवा घ्यायची. पुश असलं की कॉल आल्यावर सर्व्हर गूगलमार्फत यंत्राला जागं करतो, अॅपला दिवसभर जागं राहावं लागत नाही. पण त्यासाठी कन्सोलवर गूगल प्ले सर्व्हिसेस असाव्या लागतात, काही हँडहेल्डवर त्या नसतात, तिथे हा मार्ग बंद. शिवाय गेमिंगच्या यंत्रांवर कंपनीचं स्वतःचं एक परफॉर्मन्सचं सेटिंग असतं जे गेम सुरू झाला की मागची अॅप्स साफ करतं, ते अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगला जुमानत नाही, त्यात जाऊन लिनफोनला वेगळी सूट द्यावी लागली. एवढं सगळं केल्यावर आता कॉल येतात. भरवशाने येतात. मात्र रात्रभर नुसतं पडून राहून बॅटरी आधीपेक्षा बऱ्यापैकी उतरते, ते धरूनच चालायचं.

बोलण्याचा आवाज हा दुसरा मोठा विषय. कन्सोलला कानाला लावायचा छोटा स्पीकर नसतो, आणि कानाजवळ नेल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सरही नसतो, म्हणजे कानाला लावून बोलणं विसरा, गालाने कॉल कट होतो. माइक खालच्या कडेला, पंख्याच्या जाळीपासून बोटभर अंतरावर. गेम चालू असताना भावाचा फोन आला, मी स्पीकरवर बोलत होते, तर तो म्हणाला, "पावसात उभी आहेस का गं?" बाहेर कोरडं ठणठणीत होतं, त्याला ऐकू जात होता तो पंखा. मग पंखा शांत मोडवर टाकून बघितला, फरक पडला पण गेम अडखळायला लागला. शेवटी हेडसेटशिवाय पर्याय नाही. माझ्या कन्सोलचा ३.५ एमएमचा जॅक तीन कड्यांचाच आहे, माइकची चौथी कडी नाहीच, त्यामुळे वायरवाला हेडसेट लावला तरी माइक आतलाच चालतो. ब्लूटूथ घेतला. त्यात एक गोष्ट समजून घ्या, माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातो आणि गेमचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. हेडसेट खराब नाहीये. जुन्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत) आवाजाचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झ असतं, एमएसबीसी हा नंतरचा कोडेक असेल तर १६, आकडा मोठा तेवढा आवाज स्पष्ट, त्यामुळे एमएसबीसी चालणारा हेडसेट बघूनच घ्या.

हेडसेटचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी झाला. गेम फुल स्क्रीन असताना कॉल आला की वर छोटी पट्टी येते, पण बटणं अजून गेमच्याच ताब्यात असतात, म्हणजे तुम्ही ए दाबलंत तर कॉल उचलला जात नाही, गेममधला माणूस उडी मारतो. दोन्ही हात बटणांवर असताना अंगठा उचलून पट्टी गाठायची म्हणजे ऐन लढाईत मेलात. हेडसेटवरचं बटण अँड्रॉइड थेट कॉलसाठी ओळखतं, ते दाबलं की काम झालं. कन्सोलच्या मागच्या बाजूचं एक मोकळं बटण मी म्यूटला जोडलंय आणि ते मला इतकं आवडतं की साध्या फोनवर बोलताना बोट आपोआप मागे जातं.

इथे थोडं विषयांतर. ही हौस नवी नाही. नोकियाचा एन-गेज २००३ मध्ये आला तेव्हा गेम आणि फोन एकाच यंत्रात होते, पण बोलायला तो आडवा, कडेने कानाला लावावा लागायचा, आणि गेमचं कार्ड बदलायला बॅटरी काढावी लागायची. पुढच्या वर्षीच्या क्यूडी मॉडेलमध्ये दोन्ही सुधारलं. सोनीच्या पीएसपीवर २००८ मध्ये स्काइप आलं, पहिल्या मॉडेलवर नाही, २००० मालिकेपासून पुढे, आणि ३००० मध्ये तर माइक आतच होता. पीएस व्हिटाच्या थ्रीजी मॉडेलला सिमची जागा होती पण ती फक्त डेटासाठी. मला यातला एक्सपीरिया प्ले सगळ्यात मनापासून आवडतो, २०११ चा, खरा फोन आणि खाली सरकून बाहेर येणारी गेमची बटणं. त्या वाटेने पुढे कुणी जोर लावून गेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

डेटा फार जात नाही. जी.७११ कोडेकवर दोन्ही दिशांचा मिळून मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास, ओपस हा दुसरा कोडेक ठेवला तर त्याहून बराच कमी, आणि कमजोर नेटवर तेच जास्त टिकतं. त्रास होतो तो घरचं वायफाय सोडून हॉटस्पॉटवर जाताना, चालू कॉल तुटतो. म्हणून निघायच्या दहा मिनिटं आधीच हॉटस्पॉटला जोडून घेते. इंटरनेटचा यूएसबी डोंगलही वापरून पाहिला, जे डोंगल स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणून दाखवतात ते अँड्रॉइडला इथरनेटसारखे चालतात, वेगळं ड्रायव्हर लागत नाही. पण ते खालून बोटभर बाहेर येतं, मांडीवर टेकवता येत नाही, चार्जिंगचं एकुलतं एक पोर्ट अडतं आणि बॅटरीही कन्सोलचीच खातं. राउटरच बरा.

टायपिंग आडव्या स्क्रीनवर वाटतं तितकं वाईट नाही, दोन भागांत फुटणारा कीबोर्ड लावा, अंगठे बरोबर पोचतात. काही अॅप्स मात्र उभीच उघडतात, मान वाकडी करावी लागते, त्यांना जबरदस्तीने आडवं करणारं अॅप टाकलंय.

बँकेच्या अॅपचा नाद सोडून दिला. काही अॅप्स सिम त्याच यंत्रात आहे का ते तपासतात, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. आपत्कालीन नंबर सिपवरून लागेलच याची खात्री नसते, आणि लागला तरी तुम्ही कुठे आहात हे पलीकडे नीट कळेलच असं नाही. त्यासाठी बटणांचा फोनच. तो मी दर रविवारी चार्ज करते, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवते, आणि तो तिथे असतो हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.