‘समीक्षकांचा पुरस्कार’ म्हणजे नेमका कुणाचा? काय बघायचं ठरवताना कोणती यादी धरावी

ट्रेलरच्या शेवटी दोन डहाळ्या दिसतात. मधोमध ठळक अक्षरांत ‘क्रिटिक्स चॉइस’, आणि त्याखाली, डोळे बारीक केले तरच वाचता येईल अशा टायपात, ‘नामांकन’. जानेवारी उजाडला की या डहाळ्यांचं पीक येतं. सुट्टीच्या रात्रीचे तीन तास कशावर घालवायचे, एवढंच ज्याला ठरवायचंय त्याची मात्र पंचाईत होते. समीक्षकांचे म्हणून ओळखले जाणारे अमेरिकी पुरस्कार एक नाहीत, डझनावारी आहेत. त्यांच्याच रांगेत उभा केला जाणारा एक तर समीक्षक संघटनेचा नाहीच.

तो म्हणजे गोल्डन ग्लोब. तो आधी बाजूला काढू.

ग्लोब सुरू केला हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांच्या संघटनेनं, 1943 साली स्थापन झालेल्या. 2021 मध्ये जेमतेम 87 सभासद, त्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, आणि ‘एमिली इन पॅरिस’ या मालिकेच्या सेटवर तीसहून जास्त सभासदांची पॅरिसमध्ये शाही बडदास्त, हे ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं छापलं आणि गडगडाट झाला. एनबीसी वाहिनीनं 2022 चं प्रक्षेपण सोडलं, टॉम क्रूझनं आपले तीन ग्लोब परत पाठवले, 2023 मध्ये ती संघटनाच विसर्जित झाली. आता पुरस्कार खासगी मालकीचा आहे आणि मतदार अनेक देशांतले, तीनशेहून जास्त. मतदार सुधारले, विभागांचा घोळ कायम आहे. ‘द मार्शियन’ विनोदी किंवा संगीतमय गटात जिंकतो (मंगळावर एकटा अडकलेला माणूस, हसा!), आणि 2024 पासून तिकीटबारीच्या यशासाठी वेगळा पुरस्कार आहे, त्याला पात्र व्हायला पंधरा कोटी डॉलरची कमाई लागते. ज्यानं इतकी कमाई केली त्याचं नाव आपल्या कानावर आधीच आलेलं असतं. ग्लोबचा सोहळा मजेत बघावा. बघायची यादी म्हणून मी तो धरत नाही.

क्रिटिक्स चॉइसचं तसं नाही. 1995 साली टीव्ही आणि रेडिओवरच्या चित्रपट समीक्षकांनी ही संघटना काढली. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं मंडळ 1935 पासून होतं, पण ते वर्तमानपत्रवाल्यांचं. 2011 मध्ये टीव्हीवाल्यांची जोडसंघटना झाली, 2016 पासून दोघांचा सोहळा एकत्र आणि 2019 मध्ये संघटनाही एक. आज सहाशेच्या आसपास सभासद आहेत, आणि त्यात समीक्षकांबरोबर मनोरंजन वार्ताहरही आहेत. हे वाक्य संघटना अभिमानानं सांगते, माझ्या मते तीच तिची ढिली बाजू. मुलाखती घेणारा आणि परीक्षण लिहिणारा यांची नजर एक नसते.

2015 च्या डिसेंबरमध्ये हे उघडं पडलं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची दहा नामांकनं जाहीर झाली. त्यानंतर चार दिवसांनी नवा ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला, आणि पुढच्या काही दिवसांत तो त्याच यादीत अकरावा म्हणून घुसवला गेला. पंगत उठल्यावर बड्या पाहुण्यासाठी पान मांडावं तसं. निषेधाचे राजीनामेही आले. पुरस्कार शेवटी ‘स्पॉटलाइट’लाच मिळाला, पण गाडी कुणासाठी थांबते ते कळलं. बरोबरीचंही तेच: 2019 च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री दोन, ग्लेन क्लोज आणि लेडी गागा; 2020 मध्ये दिग्दर्शक दोन, बाँग जून-हो आणि सॅम मेंडिस. मोजणीत बरोबरी होऊ शकते, मान्य. पण आपल्याला एकच निवडायचं असतं तेव्हा अशी बरोबरी कामाची नाही.

तरीही एका गोष्टीसाठी ही यादी उत्तम आहे: ऑस्करचा अंदाज. 2017 ते 2024 या आठ वर्षांच्या चित्रपटांत पाच वेळा दोघांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट एकच निघाला. 2025 च्या सोहळ्यात तर ‘अनोरा’ला सबंध रात्रीत तो एकच पुरस्कार मिळाला, आणि पुढे ऑस्कर पाच. ‘आरआरआर’लाही इथे परभाषी चित्रपट आणि गाणं असे दोन्ही मिळाले होते. मित्रांमध्ये ऑस्करवर पैज लावणार असाल तर क्रिटिक्स चॉइस पाठ करा.

पण पैज नाही, चित्रपट बघायचाय? मग 2021 चं वर्ष शेजारी शेजारी मांडून बघा. क्रिटिक्स चॉइस: ‘द पॉवर ऑफ द डॉग’. ग्लोब: तोच, आणि दुसऱ्या गटात ‘वेस्ट साइड स्टोरी’. ऑस्कर: ‘कोडा’. न्यूयॉर्कचं मंडळ, लॉस एंजेलिसची संघटना आणि 1966 पासूनची समीक्षकांची नॅशनल सोसायटी, तिघांचा कौल मात्र एकच: ‘ड्राइव्ह माय कार’, जवळपास तीन तासांचा जपानी चित्रपट. बाकीच्यांनी त्याला परभाषी गटात बसवून मान दिला. या तिघांनी त्याला भाषेच्या कुंपणाबाहेर काढून वर्षाचा चित्रपट म्हटलं.

ही छोटी मंडळं आहेत, प्रत्येकी शंभराच्या आतली. नामांकनांची मिरवणूक नाही, थेट निकाल. नॅशनल सोसायटीत प्रत्येक जण तीन नावं लिहितो, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आणि निकालासोबत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे गुणही छापून मोकळे होतात. मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच दोन ओळींचा. विजेता बहुतेक वेळा ऐकलेला असतो, तिसरा नसतो. पायल कपाडियांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला न्यूयॉर्कनं आणि लॉस एंजेलिसनंही 2024 चा सर्वोत्तम परभाषी चित्रपट ठरवलं, ते भारतानं ऑस्करसाठी दुसराच चित्रपट पाठवल्यानंतर. हां, संथ चित्रपटाचा कंटाळा असेल तर मात्र या मंडळांच्या वाटेला जाऊ नका. नंतर मला बोल लावाल.

आता मालिका. चित्रपट चुकला तर एक संध्याकाळ जाते, मालिका चुकली तर महिना जातो, म्हणून इथे यादी जपून निवडावी. ग्लोब टीव्हीच्या सहायक भूमिका एकाच टोपलीत टाकतो, नाट्य असो, विनोद असो की लघुमालिका. क्रिटिक्स चॉइस त्या वेगळ्या करतं, तेवढंच न्याय्य. पण खरी यादी तिसरीच आहे, आणि तिचा सोहळा टीव्हीवर दिसतच नाही.

टेलिव्हिजन क्रिटिक्स असोसिएशन 1978 ची, पुरस्कार 1985 पासून. अमेरिका-कॅनडातले दोनशेहून जास्त टीव्ही-पत्रकार. वाहिन्या आपल्या निर्मात्या-कलाकारांना या लोकांसमोर बसवत आल्या आहेत आणि दिवसचे दिवस प्रश्नोत्तरं चालत आली आहेत. पुरस्कार उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीच्या गर्दीपासून लांब. अभिनयाला स्त्री-पुरुष असे वेगळे कप्पे नाहीत: नाट्यात एक, विनोदात एक. त्यामुळे तो एक पुरस्कार वजनदार होतो. तातियाना मस्लानीला ‘ऑर्फन ब्लॅक’साठी तो 2013 मध्येच मिळाला, क्रिटिक्स चॉइसनंही त्याच वर्षी तिला निवडलं. अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार असलेल्या एमीनं त्या वर्षी तिला नामांकनही दिलं नाही. पुरस्कार दिला तो 2016 मध्ये. ‘द अमेरिकन्स’ला या संघटनेनं तीनदा वर्षाची सर्वोत्तम नाट्यमालिका म्हटलं, एमीनं त्या गटात एकदाही नाही. आणि ‘बेटर कॉल सॉल’: एमीची 53 नामांकनं, पुरस्कार शून्य. या संघटनेनं तिला 2019 मध्ये गौरवलं होतं, क्रिटिक्स चॉइसनं 2023 च्या सोहळ्यात शेवटच्या सीझनला.

म्हणून मालिकेसाठी माझा क्रम असा: आधी या संघटनेची ‘नवा कार्यक्रम’ या गटातली नामांकनं, मग क्रिटिक्स चॉइसची टीव्हीची यादी. एखादं नाव दोन्हीकडे असेल तर तीन भाग बघायचे, तोवर सोडायची नाही. ‘द अमेरिकन्स’ मी पहिल्या भागानंतर बंद केली होती. उन्हाळ्यातल्या एका यादीत ती पुन्हा दिसली म्हणून परत लावली, आणि सहाही सीझन संपवूनच उठलो.