पॅन काढायचं: सेंटरवर ५००, घरात बसून फुकट, आणि फर्मचं वेगळंच

आधी स्टार सांगते, मग बाकीचं रामायण. इन्स्टंट ई-पॅन, ५ पैकी साडेचार. फर्मचं ऑनलाइन पॅन, साडेतीन. आणि आमच्या भागातलं ते ऑनलाइन फॉर्म भरून देणारं सेंटर, त्याला एक, तो पण पंखा होता आणि बसायला खुर्ची दिली म्हणून. नाव घेत नाही, रोज त्याच्या दारावरनंच भाजीला जायचं असतं.

तर झालं असं की मी आणि थोरल्या जाऊबाई दोघी मिळून हळद पावडर आणि कांदा लसूण मसाला करतो. सांगलीत हळदीला काय तोटा, मार्केट यार्डातनं हळकुंडं आणायची, दळून आणायची, घरात पाकिटं भरायची, दोन वर्षं नुसतं ओळखीत विकलं आणि पैसे कधी माझ्या फोनवर कधी भावजींच्या, हिशोब वहीत. मग विश्रामबागच्या एका दुकानदारानं महिन्याला ४० किलो घेतो म्हणाला पण बिल पाहिजे आणि पैसे फर्मच्या खात्यावरच टाकणार. झालं, ५०० च्या स्टँपवर भागीदारीचा करार केला आणि करंट अकाउंट काढायला बँकेत गेलो तर तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, फर्मचं पॅन?

तिथनं सरळ त्या सेंटरला गेलो. आणि त्यानं तिथल्या तिथं तीन चुका केल्या, तीनही इतक्या कॉन्फिडन्सनं की आम्हाला वाटलं माणूस पोचलेला आहे.

पहिली चूक, म्हणाला फर्मला वेगळं पॅन लागत नाही, तुमच्यातल्या एकीचं द्या, चालतं. एकट्याचा धंदा असेल, म्हणजे प्रोप्रायटर, तर हे खरं आहे, तिथं मालकाचंच पॅन चालतं. पण भागीदारी फर्मला स्वतःचं पॅन लागतंच. नंबरातलं चौथं अक्षरच ते सांगतं, माणसाचं असेल तर पी आणि फर्मचं असेल तर एफ. त्याचं ऐकून आम्ही परत बँकेत गेलो, मॅडमनी परत पाठवलं, उन्हात दोन हेलपाटे.

दुसरी चूक, जाऊबाईंचं पॅनच नव्हतं (दहावीनंतर लग्न, सगळं भावजींच्या नावावर, कधी गरजच पडली नाही), तर त्यांचा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यानं भावजींचं नाव घातलं. जाऊबाई म्हणाल्या, अहो हे माझे वडील नव्हेत! तर म्हणतो लग्न झालेल्यांचं नवऱ्याचंच असतं. नसतं. पॅनच्या फॉर्मवर बाईचं लग्न झालेलं असो नसो वडिलांचंच नाव मागतात, आणि आई एकटीनं वाढवत असेल तर आईचं देता येतं. नवऱ्याचं नाव कुठंच येत नाही.

आणि तिसरी, ही सगळ्यात भारी. माझं पॅन आहे, पण लग्नाआधीचं, कॉलेजात असताना काढलेलं, माहेरच्या आडनावाचं. आधार सासरच्या नावावर. त्यामुळं दोन्हीची नावं जुळत नाहीत आणि लिंक अडकलेलं. हा म्हणतो, कशाला दुरुस्ती, नवीनच काढून टाकू, ५०० मध्ये दोन दिवसात. मी हो म्हणणार होते खरं सांगते. नशीब संध्याकाळी नणंदेला फोन केला, ती पुण्यात एका सीएकडं कामाला आहे, ती फोनवर ओरडलीच, वहिनी दोन पॅन ठेवलेत तर १०,००० रुपये दंड आहे, कोण सांगतंय हे? तेव्हापासनं सेंटर बंद आणि नणंद चालू.

आता चांगलं सांगते. जाऊबाईंचं पॅन आम्ही घरी काढलं, इन्कम टॅक्सच्या स्वतःच्या साइटवर, पहिल्याच पानावर इन्स्टंट ई-पॅन म्हणून आहे. एक रुपया लागत नाही. १२ आकडी आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, नाव जन्मतारीख पत्ता आधारमधनं आपोआप येतं, आपण बघून हो म्हणायचं, एक १५ आकडी पावती नंबर मिळतो आणि थोड्या वेळानं तिथंच पीडीएफ. आम्हाला चहा उकळून गाळेपर्यंत वेळ लागला, त्यातला निम्मा वेळ चष्मा शोधण्यात. हे पीडीएफ पूर्ण कायदेशीर आहे, कार्ड प्लास्टिकचंच पाहिजे असं काही नाही, हौस असली तर ५० रुपये भरून मागवता येतं.

अर्धा स्टार का कापला तर ते सगळ्यांना जमत नाही. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, वय १८ च्या वर पाहिजे, आधी कधी पॅन काढलेलं नसावं, आणि आधारवर पूर्ण जन्मतारीख पाहिजे. शेवटचं लक्षात ठेवा, कारण हे बघून आमच्या आत्यासासूबाई पण काढायला बसल्या तर त्यांच्या आधारवर नुसतं साल. गावाकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. त्यांचं तिथंच थांबलं, आता आधी आधार दुरुस्त करा मग बाकीचं. आणखी एक, जाऊबाईंच्या ई-पॅनवर वडिलांचं नाव आणि सही दिसली नाही, एवढं भांडण झाल्यावर वडिलांचं नाव नाहीच बघून त्या जरा हिरमुसल्या.

आणि गूगलवर पॅन कार्ड टाकून जे पहिलं दिसेल ते उघडू नका, वरती जाहिरातवाल्या साइटी असतात, दिसायला सरकारी, शेवटी फी मागतात.

माझं दुरुस्तीचं काम त्याच आठवड्यात केलं. पॅनची कामं आयकर खात्यासाठी दोन कंपन्या बघतात, एक यूटीआयची आणि एक पूर्वीची एनएसडीएल, तिचं नाव २०२१ मध्ये बदलून प्रोटिअन झालं. जाऊबाई म्हणाल्या प्रोटीन? डाळीतलं? असो. दुरुस्तीला फी १०७ रुपये, कार्ड घरी येतं. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून मॅरेज सर्टिफिकेट जोडलं. कागदांच्या यादीत लग्नपत्रिका पण चालते असं लिहिलंय, खरंच, मी दोनदा वाचलं, आमची पत्रिका काढून बघितली तर त्यात चि. सौ. कां. आणि खाली सगळ्या आत्या मामांची नावं, म्हणलं नको, सर्टिफिकेटच बरं.

दुरुस्ती झाली, नाव बदललं, पण नंबर तोच राहतो, तो आयुष्यभर बदलत नाही. आणि त्यातलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, ते ज्या आडनावानं पॅन पहिल्यांदा निघालं त्याचं. म्हणजे रेशन कार्ड, आधार, गॅस, बँक, सगळीकडं मी सासरची झाले पण पॅनच्या पाचव्या घरात माहेरचा के तसाच बसून आहे. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला इन्कम टॅक्सवाल्यांना पण माहीत आहे तू कुणाची ते. हसले मी, पण मला ते आवडलं, का ते विचारू नका.

आता फर्मचं. हे फुकट नाही आणि दहा मिनिटात पण नाही. आधारवरचं इन्स्टंट वगैरे फक्त माणसांसाठी. आम्ही भरला तेव्हा फर्मला फॉर्म ४९ए होता, तोच जो आपल्याला, फक्त प्रकार निवडताना फर्म. फोटो लागत नाही, आधार लागत नाही, कागद म्हणजे भागीदारी कराराची झेरॉक्स नाहीतर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचं सर्टिफिकेट, दोन्हीतलं एक. फी तीच १०७. ऑनलाइन भरायचं, पैसे भरायचे, पावती छापायची, भागीदारानं सही करायची आणि कागद जोडून टपालानं पाठवायचं, १५ दिवसाच्या आत पोचायला पाहिजे.

वाचायला सोपं वाटतं. आम्ही दोघी दोन रात्री बसलो होतो. कारण करारात जे नाव आहे अक्षर न् अक्षर तेच फॉर्मवर पाहिजे, आणि आमच्या करारात एका पानावर 'अँड' पूर्ण लिहिलेलं आणि दुसऱ्या पानावर त्याचं चिन्ह. टाइप करणाऱ्यानं केलेलं, आम्ही सही करताना कुठं बघितलं. मग तारीख. फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या जागी फर्मची तारीख. स्टँप घेतला सोमवारी, सह्या केल्या गुरुवारी. कुठली घालायची? नणंद म्हणाली करार ज्या दिवशी झाला ती, म्हणजे गुरुवारची. आणि नावाचं म्हणाली करार परत टाइप करा, पैसे वाचवायला जाऊ नका, कारण पुढं बँक, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), सगळं याच नावावर चालणार. जीएसटी आम्हाला अजून लागत नाही, उलाढाल ४० लाखाच्या जवळपास पण नाही, पण उद्या घेतला तरी त्या १५ आकडी नंबरात सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ आणि त्याच्यापुढं हेच पॅन जसंच्या तसं बसतं. म्हणून परत ५०० चा स्टँप. या वेळी स्टँप आणि सह्या एकाच दिवशी, आणि दोघींनी मोठ्यानं वाचून मग सही.

इथं मात्र मी म्हणेन, स्वतःचं पॅन असेल तर कुणाला पैसे देऊ नका पण फर्मचं असेल आणि घरात सांगणारं कोणी नसेल तर चांगल्या टॅक्सवाल्याला चार पैसे द्या. पैसे फॉर्म भरायचे नव्हेत, फॉर्म आपण पण भरतो, करार नीट वाचून घ्यायचे.

कागद टपालानं गेले, अकराव्या दिवशी मेलवर ई-पॅन आलं. पीडीएफला पासवर्ड. जाऊबाईंनी स्वतःची जन्मतारीख घातली, उघडेना, माझी घातली, उघडेना, मग डोक्यात प्रकाश पडला की फर्मची जन्मतारीख. गुरुवार जाऊन आलेली ती नवीन तारीख, दिवस महिना साल सलग आठ आकडे. उघडलं. चौथं अक्षर एफ.

कार्डाची गंमत वेगळीच. पोस्टमन आला तेव्हा आम्ही दोघी यार्डात, घरी सासूबाई एकट्या. त्यानं पाकिटावरचं फर्मचं नाव घेऊन हाक मारली, सासूबाई म्हणाल्या असं कोण राहत नाही बाबा इथं, आणि दार लावलं. त्यानं पाकीट परत नेलं, दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन आणलं. त्यामुळं पत्ता भरताना घराचं नाव पण घाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फर्मचं नाव पाठ करून घ्या.