बोटातला जप काउंटर: डबेवालीचा अभिप्राय

नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर 60 रुपये सांगितले, घासाघीस करून 50 ला घेतला. अंगठीसारखा बोटात घालायचा, रबरी पट्ट्याचा. मोजायचं बटण मोठं, त्याला खेटून रिसेटचं बारीक बटण. पाकिटावर कंपनीचं नावच नाही, म्हणून कोणता घेऊ ते विचारू नका.

मी मानेवाड्यात डबे करते. गिऱ्हाईक म्हणजे पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची पोट्टी. पहाटेपासून पोळ्या, तिकडे कुकर, दारात दूधवाला. अशात 108 मण्यांची माळ घेऊन बसणार कधी? आणि कणकेच्या हातानं माळेला शिवायला माझं मन घेत नाही. काउंटरचं तसं नाही. पोळी तव्यावर टाकली की अंगठ्यानं बटण दाबायचं, गजानन महाराजांचा ‘गण गण गणात बोते’. उलटली की परत. सासूबाईंनी पाहिल्याबरोबर टोकलं, जपाला तर्जनी लावत नाहीत. त्यांचं खरं आहे, मधल्या बोटात घातला. पट्टा जरा आवळतो.

आता खोडी. कणीक बटणाच्या फटीत जाते, मग बटण दाबलेलंच राहते. मे महिन्यात 45 अंशांत शेगडीपुढे पट्ट्याखाली घामोळं येतं. सेल घड्याळवाला बदलून देतो, पण सेल आणि मजुरी धरली तर नवाच घेतलेला बरा. आणि आकडे पाचच, म्हणजे 99,999 च्या पुढे गाडी जात नाही. सव्वा लाखाचा संकल्प करणाऱ्यानं काय करावं? बनवणाऱ्यानं कधी संकल्प केलेला दिसत नाही. मी रात्री आकडा गॅसच्या वहीत लिहिते.

ती वही नव्हती तेव्हाची गोष्ट. सिलिंडर महागला होता आणि दोन पोट्टे महिन्याचे पैसे बुडवून गावी निघून गेले होते. त्याच सकाळी परात उचलताना रिसेट दाबला गेला आणि सगळा जप शून्यावर. रडूच आलं. मग म्हटलं, महाराज, मशीन विसरली, तुम्ही तर ऐकलंय ना? आणि पुढची पोळी टाकली. पैसे काही आले नाहीत, उगाच चमत्कार सांगणार नाही. सिलिंडर उधारीवर आणला. पण डबे वेळेवर गेले आणि रात्री झोप लागली.

शेगावात 1878 मध्ये महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. अर्धा भात टाकलेले डबे परत आले की मला तेच आठवतं. भांडी घासतानाचा माझा जप म्हणून सगळ्यात मनापासून होतो, आणि नेमका तेव्हाच काउंटर काढून ठेवावा लागतो, पाणी शिरलं की पडदा जातो. प्रगट दिनाला डब्यात पिठलं-भाकरी आणि अंबाडीची भाजी देते. त्या दिवशी डबे चाटूनपुसून येतात.

पाचपैकी साडेतीन. निवांत बसून जप होत असेल त्यांनी माळच घ्यावी. माझ्यासारख्या धावपळीतल्या बाईनं घ्यायला हरकत नाही, फक्त रिसेटचं बटण आत दबलेलं असलेला पाहून घ्या आणि दुकानातच पाच-पन्नास वेळा दाबून बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.